फिरत्या घराचा हलता आरसा

मोटरहोमचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मागचं दार उघडं, त्यातून दिसणारा डोंगर, पांढऱ्या चादरीवर कॉफीचा मग आणि मगाशेजारी एक पुस्तक, जे कुणीही वाचत नाहीये. लंच ब्रेकमध्ये मी हे फोटो इतके बघते की टीममधल्या एकाने माझं नाव 'चाकंवाली' ठेवलंय. पण या फोटोंमध्ये एक जागा कधीच दिसत नाही. बाथरूम. आणि खरं सांगू? माणूस मोटरहोम भाड्याने घेतो तो त्याच जागेसाठी.

निदान आम्ही तरी त्याचसाठी घेतली होती. आईचे दोन्ही गुडघे बदललेत. उकिडवं बसणं कायमचं बंद. तिचं माहेर बीडला, आणि मामाच्या जुन्या घरातला संडास म्हणजे अंगण ओलांडून, तीन पायऱ्या चढून, भारतीय पद्धतीचा. त्यामुळे सलग सहा वर्षं ती भाऊबीजेला माहेरी गेली नव्हती. मामाच यायचा पुण्याला, ओवाळून घ्यायचा, पिशवीभर सीताफळं ठेवून दुसऱ्या दिवशी परत. "लॉजवर राहू ना, वेस्टर्न टॉयलेट असतं," असं मी एकदा म्हणून बघितलं. "माहेरच्या गावात लॉजवर? लोक काय म्हणतील मामाला?" विषय संपला. तर गेल्या दिवाळीत दादाने आणि मी आपापल्या बोनसला हात घातला आणि चार दिवसांसाठी संडासासकट एक आख्खं घर चाकांवर उचलून न्यायचं ठरवलं.

हे आता आपल्याकडे तसं अवघड राहिलेलं नाही. गाडीत झोपायची, स्वयंपाकाची, आंघोळीची सोय कशी असावी यासाठी 'एआयएस-१२४' नावाचं मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरणही आणलं. हिंदी सिनेमावाले तर पूनम ढिल्लनने मेकअप व्हॅनची कल्पना आणल्यापासून असल्या गाड्यांत तासन् तास बसतात. फरक एवढाच की व्हॅनिटी व्हॅन दिवसभर स्टुडिओबाहेर उभी असते. आमची गाडी पुणे, शिरूर, नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा करत साधारण अडीचशे किलोमीटर जाणार होती. (बाबा पुढे दादाशेजारी बसून रस्ता सांगत होते. जीपीएस चालू असताना.)

कड्याच्या आसपास मागून आवाज यायला लागला. टक्. टकटक. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला टक्. भांडी असतील म्हणून आम्ही सोडून दिलं. सौताड्याला गाडी थांबवली, बाबा आणि दादा विंचरणेचा धबधबा बघायला पायऱ्या उतरून गेले, आई वरच थांबली आणि बाथरूममध्ये जाऊन आली. आली ती म्हणाली, "अगं, तो आरसा माझ्याकडे बघून मान हलवतोय."

वॉशबेसिनच्या वर दोन छोटी कपाटं होती, शेजारी शेजारी. दोन्हींच्या दारांवर आरसे चिकटवलेले. डावा आरसा खालच्या कोपऱ्यात दारापासून बोटभर सुटलेला. उजव्याला बोट लावलं तर तोही किंचित डुलला. आणि या दोन आरशांच्या बरोब्बर खाली तो स्टीलचा दांडा होता, जो धरून आई कमोडवरून उठते. रात्री, अनवाणी, चष्मा न लावता.

इथे जरा गणित करू या, कारण 'आरसाच तर आहे' असं म्हणणाऱ्यांना आकडेच पटतात. काचेचं वजन काढायला सोप्पं असतं. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, वजन अडीच किलो. आमचा आरसा ४५ बाय ६० सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. म्हणजे जवळपास २ किलो. असे दोन. दोन किलोची काच छातीच्या उंचीवरून दांडा धरलेल्या हातावर. त्या क्षणी माझ्या डोक्यातून कॉफीचा मग, पांढरी चादर, डोंगर, सगळं गेलं.

गाडीच्या मालकाला फोन लावला. तो सणाच्या मूडमध्ये होता. "मॅडम, पुण्यात आल्यावर बघू. तोवर बाथरूम बंद ठेवा ना." बाथरूम बंद ठेवा! म्हणजे मग आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरच भाड्याने घेतली असती की. शेवटी बरीच घासाघीस होऊन त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं की आम्ही दुरुस्त करून घेतलं तर त्याची हरकत नाही. हे लिहून घेणं फार महत्त्वाचं, आणि आधीचे फोटो काढून ठेवणंही. डिपॉझिट नावाची गोष्ट लक्षात ठेवा.

तात्पुरता इलाज गाडीतच होता. पार्सलची रुंद चिकटपट्टी. ती आरशावर फुलीसारखी आडवीतिडवी लावली, कडेने दारावर ओढून घेतली. यामुळे दोन गोष्टी होतात. आरसा सुटत नाही, आणि फुटलाच तर तुकडे चिकटपट्टीला धरून राहतात. कपाटातल्या बाटल्या काढून खाली ठेवल्या, दारं दोरीने एकमेकांना बांधली. बीडपर्यंत दादाने गाडी इतकी हळू चालवली की मांजरसुंब्याला एका ट्रॅक्टरने आम्हाला ओव्हरटेक केलं.

मामाच्या दारात गाडी उभी राहिली तर निम्मी गल्ली गोळा झाली. मामा आधी चाकांभोवती एक चक्कर मारून आला. "गाडीत संडास बी हाय? आन् आरसा बी? आक्का, तू उतर तर आधी." मामीने तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन दार अडवलं. "थांबा वन्सं, ओवाळून टाकते." आई त्या फोल्डिंग पायऱ्यांवर उभी राहून गल्लीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मग आरशाकडे बघायला आत गेले.

रात्री जेवताना आरशावर परिषद भरली. प्रत्येकाकडे एकेक औषध तयार. मामाचं म्हणणं, "फेव्हिक्विक लाव, कशाला खटपट करायलीस?" मामेभावाचं एम-सील. बाबांचं फेविकॉल, कारण बाबांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट फेविकॉलने चिकटते. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी चांगलीच आहे. पण इन्स्टंट ग्लू सुकला की काचेसारखाच कडक होतो, वाकत नाही, आणि चालत्या गाडीत दार सतत थरथरत असतं. एपॉक्सी पुट्टीचंही थोडंफार तेच. पांढरा फेविकॉल लाकडाला लाकूड जोडायला, त्याला सुकायला लाकडात पाणी शोषलं जावं लागतं. काच आणि सनमायका दोन्ही पाणी शोषत नाहीत. मग तो मध्येच ओला बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बाजारात निम्मी शटर खाली. सुभाष रोडच्या मागच्या एका गल्लीत काचवाल्या चाचांचं दुकान उघडं होतं. सत्तरीचे असतील, नाकावर चष्मा, खिशात हिरा. म्हणजे काच कापायची लेखणी, तिला तिथे हिराच म्हणतात. मी त्यांना गाडीच दाखवायला घेऊन आले. चाचा बाथरूममध्ये शिरले, आरसा बघितला, वास घेतला, आणि म्हणाले, "इसको सिरका लगाया किसी ने."

सिरका, म्हणजे व्हिनेगर. मला वाटलं चाचा गंमत करताहेत. पण तसं नव्हतं.

चाचांनी आरसा कसा काढला ते सांगण्यासारखं आहे, कारण आपण सगळे इथे स्क्रूड्रायव्हर घुसवून काच तोडतो. आधी मामीच्या भाचीचा हेअर ड्रायर मागवला आणि आरसा पुढून पाच-सात मिनिटं कोमट केला. कोमट, गरम नाही. मग दोन लाकडी मुठींना बांधलेली बारीक तार आरसा आणि दार यांच्या फटीत सरकवली आणि करवतीसारखी मागेपुढे ओढत खाली आणली. गाडीची पुढची काच काढतात त्याच पद्धतीने. दादा जाड हातमोजे घालून आरसा धरून उभा. दहा मिनिटांत दोन्ही आरसे गादीवर, पालथे.

आता इथे मला खरी मजा आली. दोन्ही आरशांना सिलिकॉनचे चारच ठिपके होते, रुपयाएवढे, चार कोपऱ्यांत. दोन किलोसाठी! पण दोघे सुटले होते वेगवेगळ्या कारणांनी. डाव्या आरशाचे ठिपके दारावरच राहिले होते, आणि त्यांच्यावर आरशाच्या पाठीचा करडा रंग सोलून आला होता. उजव्याचे ठिपके आरशासोबत आले, आणि दारावरचा सनमायका अगदी चकाचक, जणू काही लागलंच नव्हतं. तुमचा कुठलाही चिकटवलेला आरसा सुटला तर फेकण्याआधी हे बघा. गोंद दारावर राहिला की आरशाच्या पाठीने दगा दिला. गोंद आरशावर आला की दाराने. दोन्हीवर थोडा थोडा राहिला असेल, म्हणजे गोंदच मधून फाटला असेल, तर मात्र तो पुरेसा नव्हता किंवा म्हातारा झाला होता.

पाठीचं प्रकरण असं. आरशाची चमक म्हणजे काचेमागचा चांदीचा थर. काचेवर चांदी बसवायची रासायनिक रीत लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये शोधली. हा थर केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्याला जपायला मागे रंगाचे थर. बाजारातलं सगळ्यात सहज मिळणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, म्हणून त्याला व्हिनेगरचा वास येतो. हे आम्ल रंगातून आत जातं आणि चांदी खातं. आमच्या डाव्या आरशावर पुढून चार काळपट डाग दिसत होते, ते मी मालकाच्या निष्काळजीपणाचे समजत होते. ते बरोब्बर चार ठिपक्यांचेच होते. आरशासाठी 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं सिलिकॉन घ्यायचं. ट्यूबवर बारीक अक्षरात असतं, दुकानदार सांगेलच असं नाही.

उजव्या दाराचं कारण अगदीच साधं. सनमायका गुळगुळीत, त्यावर फॅक्टरीतली धूळ नाहीतर हाताचा तेलकटपणा, कुणी पुसलं नाही. संपलं.

चाचांचा सल्ला ठाम होता, नवे आरसे कापायचे. माझा सल्ला त्याहून ठाम होता, अ‍ॅक्रिलिकचे घ्यायचे. अ‍ॅक्रिलिकचा आरसा काचेच्या निम्म्या वजनाचा, पडला तरी धारदार तुकडे होत नाहीत. परदेशात बऱ्याच गाड्यांत तोच असतो. चाचांकडे एक तुकडा होता. मी तो आईसमोर धरला. आईने बघितलं, डोकं इकडे केलं, तिकडे केलं.

"यात माझं तोंड वाकडं दिसतंय."

"आई, थोडंसंच. सेफ्टी बघ ना."

"सहा वर्षांनी भावाला ओवाळायचंय. मला नीट दिसायला हवं."

यावर काय बोलणार? आणि तिचं चूकही नव्हतं. पातळ अ‍ॅक्रिलिक जराशा ताणाने वाकतं आणि चेहरा जत्रेतल्या आरशासारखा होतो. शिवाय ते उन्हाने काचेच्या सातआठ पट पसरतं. बीडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा, बंद गाडी, पत्र्याचं छत. तीस अंशांचा फरक पडला तर ६० सेंटिमीटरची काच दोन दशांश मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, अ‍ॅक्रिलिक सव्वा मिलिमीटर वाढतं. कडेला जागा ठेवली नाही की फुगलाच. ओरखडेही लगेच.

मग काच ठरली, पण माझ्या अटींवर. चाचांनी ३ मिलिमीटरचे आरसे कापून कडा घासून दिल्या. पाठीला पूर्ण सेफ्टी फिल्म, म्हणजे फुटला तरी तुकडे एकमेकांना धरून राहतील. आणि मुख्य म्हणजे वजन गोंदाच्या भरवशावर टाकलं नाही. दाराच्या खालच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची खोबणीची पट्टी स्क्रूने मारली, आत पातळ रबर, म्हणजे काच धातूला टेकत नाही. वर तशीच एक बारीक पट्टी, तिच्यात आरशाला दोन मिलिमीटर मोकळे. आरसा वरच्या खोबणीत सरकवायचा आणि खाली बसवायचा, आपल्या जुन्या शोकेसच्या काचा बसतात तसा. आता मागे जे चिकटवायचं ते फक्त खडखड थांबवण्यासाठी.

त्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची जाड टेप. इथेही लोक दोन छोटे तुकडे लावून मोकळे होतात. चांगल्या अ‍ॅक्रिलिक फोम टेपचा ढोबळ हिशेब आहे, एका किलोला साधारण ५५ ते ६० चौरस सेंटिमीटर. म्हणजे अडीच सेंटिमीटर रुंदीची टेप दोन किलोला जवळपास अर्धा मीटर, आणि तेही स्थिर भिंतीवर. गाडीत त्याच्या दुप्पट तरी हवी. आम्ही प्रत्येक आरशाला अर्ध्या अर्ध्या मीटरच्या चार पट्ट्या लावल्या. उभ्या. आडव्या पट्टीवर आंघोळीच्या वाफेचं पाणी साचून राहतं, उभ्या पट्ट्यांमधून ते खाली निघून जातं. दार आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसलं. मेडिकलवाला विचारत होता, कुणाला लागलं का म्हणून.

टेपला ऊबही लागते, साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर. ऑक्टोबरच्या शेवटी बीडला पहाटे गारवा असतो, म्हणून काम अकरानंतर सुरू केलं. गाडी उन्हात, दारं उघडी. आरसा बसवून तळहाताने पूर्ण दाबला, प्रत्येक पट्टीवरून दहा-पंधरा सेकंद. ही टेप दाबावर चिकटते, त्यामुळे दाबायचा कंटाळा करायचा नाही.

चाचांनी आणखी एक गोष्ट पकडली, जी माझ्या लक्षातच आली नसती. कपाटाची दारं मॅग्नेटने बंद राहत होती. घरात ठीक. गाडीत मात्र प्रत्येक खड्ड्याला मॅग्नेट सुटतो, दार सेंटिमीटरभर उघडतं आणि आपटतं. पुण्यापासून किती वेळा आपटलं असेल ते मोजा. मी ऐकलेली ती टकटक आरशाची नव्हतीच, दाराची होती. मॅग्नेटच्या जागी बटण दाबल्याशिवाय न उघडणारे पुश लॉक लावले, कब्जांचे स्क्रू आवळले. दोन आरसे, पट्ट्या, लॉक, मजुरी सगळं मिळून आमच्या ऑफिस टीमच्या एका पिझ्झा पार्टीपेक्षा कमीच झालं. चाचा सणाचे जास्तीचे पैसे घेईनात. मामीने मग चकल्यांचा डबा दिला, तो मात्र घेतला.

प्रश्न उरला वेळेचा. ही टेप चोवीस तासांत नव्वद टक्के धरते, पूर्ण ताकद यायला बहात्तर तास लागतात. आमचा प्लॅन होता दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन, तिथून परळी, आणि मग थेट पुणे. दादा म्हणाला, खाली पट्टी आहे, निघू या. मी म्हटलं, चोवीस तास गाडी हलणार नाही. दादाच्या सोमवारच्या क्लायंट कॉलवरून आमचं अंगणात छान भांडण झालं. मामा मध्ये पडला नाही. तो फक्त म्हणाला, "ऱ्हावा की एक दिस. आरशाला बरं वाटंल." शेवटी परळी कटाप झाली. आई काहीच बोलली नाही, पण त्या रात्री ती आणि मामा ओट्यावर एक वाजेपर्यंत बोलत बसले होते. आजोबांच्या बैलांची नावं वगैरे.

संध्याकाळी ओवाळणीआधी ती गाडीत गेली. मी बाहेरून विचारलं, मदत करू का. नको म्हणाली. पंधरा मिनिटांनी आली ती हिरव्या इरकलीत, केसात शेवंती. मामा पाटावर बसला होता. तो तिला बघून उठून उभाच राहिला. मामी म्हणाली, बसा बसा, ओवाळायचंय अजून.

परतीच्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दिसायला लागले. भाऊबीज झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पाच-सहा महिन्यांसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत पाण्याची पिंपं, सरपण, गोधड्या, कोंबड्या, पोरं, कोपीसाठी बांबू. मोटरहोम हा शब्द आपण परवा शिकलो. आष्टीजवळ एका ट्रॉलीमागे आम्ही बराच वेळ अडकलो होतो. फळीला आतून एक प्लास्टिकच्या चौकटीचा छोटा आरसा सुतळीने टांगलेला, आणि एक मुलगी हलत्या ट्रॉलीत, हलत्या आरशात बघून वेणी घालत होती. आरसा इकडून तिकडे झुलत होता, ती डोकं त्याच्याबरोबर हलवत होती. दादाने हॉर्न वाजवला नाही.

कड्यात चहाला थांबलो तेव्हा मी आत जाऊन दोन्ही आरसे चारही कोपऱ्यांत बोटाने दाबून बघितले. ठणठणीत. पुसायचे मात्र कोरड्या फडक्याने, किंवा फडक्यावर थोडं क्लीनर घेऊन. थेट आरशावर फवारलं की ते ओघळून खालच्या खोबणीत साठतं आणि कडेने काळं पडायला सुरुवात होते. आंघोळीनंतर छताची खिडकी अर्धा तास उघडी ठेवायची.

पुण्यात गाडी परत दिली तेव्हा मालकाने बाथरूममध्ये जाऊन दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. माझ्याकडून चाचांच्या दुकानाचा पत्ता घेतला. त्याच्या आणखी तीन गाड्या आहेत म्हणे. डिपॉझिट पूर्ण परत. उजव्या आरशाच्या कोपऱ्यात आईची मरून टिकली चिकटलेली राहिली होती. ती मी नखाने काढायला गेले तर तो म्हणाला, राहू द्या ताई, पुसताना काढेल पोरगा.